चोर सोडून पापणीला शिक्षा!

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. आपल्या अंगावरची सगळ्यात पातळ कातडी कुठली?

"कानाची!" "पोटाची!" "कोपरावरची!" असे आवाज मला इथपर्यंत ऐकू आले. पण उत्तर आहे पापणीची. कंपासपेटीतली पट्टी काढा आणि एक मिलिमीटर किती असतो ते बघा. पापणीची कातडी साधारण त्याच्या निम्मी, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असते. तिच्याखाली चरबीचा थर जवळजवळ नसतोच. म्हणून तर थोडं रडलं, किंवा मुंगी चावली, की पापणी लगेच टम्म फुगते!

आता हिचं काम बघा. आपण जागे असताना ही मिनिटाला साधारण १५ वेळा मिटते आणि उघडते. तुम्ही दिवसातले १६ तास जागे राहता असं धरा आणि करा गुणाकार. १५ गुणिले ६० गुणिले १६. झाले की नाही १४,४००? इतक्या वेळा ती डोळा पुसून घेते, ओला ठेवते. शिवाय पापणीच्या काठावर तेलाच्या बारीक बारीक ग्रंथी असतात. एकट्या वरच्या पापणीत २५ ते ४० ग्रंथी असतात. त्यांतलं तेल अश्रूंवर पसरतं आणि अश्रू लवकर सुकू देत नाही. इतकी नाजूक, इतकी कष्टाळू, आणि तरीही आपण तिला काय देतो? खसाखसा चोळा!

गेल्या आठवड्यात आपण नखांविषयी बोललो होतो. त्यावर सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ती लिहिते, "बाई, माझ्या दोन्ही पापण्या महिनाभर खाजतात. लाल होतात, कोरड्या पडतात, कोंड्यासारखे पापुद्रे निघतात. मी डोळ्यांना काहीच लावत नाही. आई म्हणते, मोबाइल बघतेस म्हणून होतं. आजी म्हणते, उष्णता वाढलीय. मुली म्हणतात, डोळे आलेत, लांब बस. नक्की काय झालं असेल?"

या पत्रात एक फार मोलाची खूण आहे. "मी डोळ्यांना काहीच लावत नाही" हे तिचं वाक्य परत वाचा. आपल्याकडे म्हण आहे ना, चोर सोडून संन्याशाला फाशी? पापणीच्या बाबतीत पुष्कळदा तसंच होतं. खाज पापणीवर असते, पण चोर भलतीकडेच लपलेला असतो. तेव्हा आज आपण पोलीस व्हायचं आणि तपास करायचा!

पहिला संशयित : आपलीच बोटं

आपण दिवसातून कितीतरी वेळा तोंडाला, डोळ्यांना हात लावतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. बोटांना जे लागलेलं असतं ते पापणीवर जातं. डोकं दुखतंय म्हणून कपाळाला बाम चोळला आणि तोच हात डोळ्याला लागला, की झालीच आग. मिरच्या चिरणाऱ्या आईला विचारा, ती सांगेल!

पण आग लगेच होते, म्हणून तो चोर लगेच सापडतो. खरा बेरकी चोर असतो नेलपॉलिश. काहींच्या शरीराला नेलपॉलिशमधल्या रसायनाचं वावडं असतं. वावडं म्हणजेच अ‍ॅलर्जी. गंमत अशी की नखं कठीण आणि बोटांची कातडी जाड, त्यामुळे तिथे काहीच दिसत नाही. पुरळ उठतं ते पापणीवर, गालावर किंवा मानेवर! आणि तेही लगेच नाही, तर एक-दोन दिवसांनी. मग कोण कशाला नेलपॉलिशवर संशय घेईल? "आजवर इतक्या वेळा लावलं, तेव्हा नाही झालं," असंही आपण म्हणतो. पण वावडं असंच असतं. वर्षभर चाललेली वस्तूही एके दिवशी शरीराला नकोशी होऊ शकते.

काळ्या मेंदीचंही तसंच. मेंदीच्या पानांचा रंग केशरी, विटकरी चढतो आणि तो हळूहळू चढतो. तासाभरात काळीकुट्ट रंगणाऱ्या मेंदीत पुष्कळदा केसांच्या कलपातलं रसायन मिसळलेलं असतं. त्याचं वावडं एकदा जडलं की बहुधा जन्मभर राहतं. लग्नाच्या मांडवात कोणी अशी मेंदी काढत असेल तर हात मागे घ्या.

दुसरा संशयित : केस

डोक्यात कोंडा असेल तर तो पापण्यांच्या केसांच्या मुळाशीही जमू शकतो. आरशात नीट बघा. केसांच्या मुळाशी पिवळसर, तेलकट खपल्या दिसतात का? सकाळी उठल्यावर पापण्या चिकटलेल्या असतात का? तसं असेल तर पापणीच्या काठाला सूज आलेली असते. हा आजार घाबरण्यासारखा नाही, पण चिवट आहे. चार दिवस औषध घातलं आणि संपलं, असं होत नाही. दात जसे रोज घासतो तसा पापणीचा काठ रोज स्वच्छ करावा लागतो. कसा, ते पुढे सांगते.

शाम्पू, तेल, ताई-दादाच्या केसांचा रंग हेसुद्धा याच टोळीतले. धुताना फेस ओघळतो तो थेट पापणीवरून.

तिसरा संशयित : उशी आणि रुमाल

उशीचा अभ्रा शेवटचा कधी धुतला? खरं सांगा! अभ्र्यात धूळ असते, डोक्याचं तेल असतं, आणि डोळ्यांना दिसतही नाहीत असे धुळीतले किडे असतात. धुतला असेल तर नीट खळबळून काढला होता का? कपड्यात राहिलेली साबणाची पावडर आणि सुगंधी पाणी यांनीही नाजूक कातडी चुरचुरते. एका टॉवेलला घरातल्या चौघांनी तोंड पुसायचं, हेही बंद करायला हवं.

चौथा संशयित : वाऱ्यावरून येणारा

याला मात्र आपल्या महाराष्ट्रातली सगळी मुलं ओळखतात. रस्त्याच्या कडेला, शाळेच्या कुंपणाशी, पडक्या जागेत उगवणारं, गाजरासारख्या पानांचं आणि बारीक पांढऱ्या फुलांचं झुडूप. बरोबर, गाजरगवत! कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणतात. हा पाहुणा मूळचा अमेरिका खंडातला. आपल्या देशात तो लोकांच्या नजरेत ठळकपणे भरला १९५० च्या दशकात, पुण्याच्या परिसरात. तिथून त्याने जे हातपाय पसरले ते पार देशभर. एका झाडाला हजारो बिया येतात, मग थांबणार कसा?

या गवतात पार्थेनिन नावाचं रसायन असतं. वाळलेल्या पानाफुलांचा चुरा वाऱ्यावर उडतो आणि उघड्या अंगावर बसतो. ज्यांना त्याचं वावडं असतं त्यांच्या पापण्या, मान आणि कोपराच्या घड्या लाल होतात, सुजतात, भयंकर खाजतात. हा त्रास वर्षानुवर्षं शेतात राबणाऱ्या मोठ्या माणसांना जास्त होतो. पण म्हणूनच लहानपणापासून जपायचं. श्रमदानाच्या दिवशी "चला रे, गवत उपटा" म्हणून उघड्या हातांनी मुलांना गाजरगवतात सोडणं बरं नव्हे. ते काम मोठ्यांनी करावं. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि नाकावर रुमाल घेऊन, आणि फुलं येण्याआधी. याच गवताची पानं फस्त करणारे मेक्सिकन भुंगेरे १९८४ साली भारतात सोडण्यात आले. तेही पावसाळ्यात आपल्याला मदत करतात. पांढुरक्या पाठीवर काळ्या वेड्यावाकड्या रेघा असलेला भुंगेरा गाजरगवतावर दिसला तर त्याला मारू नका, बरं का!

खाजवलं की बरं का वाटतं?

आता एक शास्त्र समजून घेऊ. आपल्या कातडीत आणि डोळ्याच्या आतल्या नाजूक अस्तरात काही पहारेकरी पेशी असतात. नको असलेलं काही आलं की त्या हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात. त्याने खाज सुटते, लाली येते, सूज येते. आपण चोळतो, तेव्हा क्षणभर बरं वाटतं. पण चोळण्याने त्या पेशी आणखी डिवचल्या जातात आणि आणखी हिस्टामिन सुटतं. म्हणजे पुन्हा खाज, पुन्हा चोळणं. कोल्हा काकडीला राजी तसे आपण त्या क्षणभराच्या सुखाला राजी होतो आणि दुखणं वाढवून ठेवतो.

यात आणखी एक मोठा धोका आहे. बुबुळावर काचेसारखं पारदर्शक पटल असतं. वर्षानुवर्षं डोळे जोरात चोळत राहिलं तर काही मुलांचं हे पटल पातळ होतं आणि शंकूसारखं पुढे येतं. मग नजर वेडीवाकडी, अस्पष्ट होते. साध्या चष्म्याने ती नीट सुधारत नाही. डोळा चोळणं ही नुसती वाईट खोड नाही, ते असं महागातही पडू शकतं.

फळा दिसेना!

तुम्हांला एका मुलाची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, कारण ते त्याला आवडणार नाही. उन्हाळा लागला की याचे डोळे लाल. सारखी खाज, उजेड सहन होईना, डोळ्यांतून तारेसारखी चिकट घाण. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांमध्ये, त्यातही मुलग्यांमध्ये, आपल्यासारख्या उष्ण आणि कोरड्या हवेत ही अ‍ॅलर्जी दिसते. मोठेपणी ती बहुतेकांची कमी होते. पण मधली वर्षं सांभाळावी लागतात.

त्याच्या वडिलांनी तालुक्याच्या गावच्या एका औषधाच्या दुकानातून थेंब आणले. चिठ्ठी नाही, तपासणी नाही. थेंब घातले आणि दोन दिवसांत डोळे पांढरेशुभ्र! घरचे खूश. मग काय, डोळा लाल झाला की आण तीच बाटली. असं तीन उन्हाळे चाललं. चौथीत तो पाठांतरात पहिला, पण फळ्यावरचं उतरवून घेताना शेजारच्या वहीत बघायला लागला. मी वडिलांना शाळेत बोलावलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं. ते म्हणाले, "बाई, डोळे तर स्वच्छ दिसतात की!" तरी गेले बिचारे, एक दिवसाची मजुरी बुडवून.

डॉक्टरांनी यंत्रावर डोळ्यांतला दाब मोजला. तो बराच वाढला होता. त्या थेंबांत स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडने खाज आणि लाली झटकन जाते. पण ते डोळ्यात बरेच दिवस पडत राहिलं तर काहींच्या डोळ्यांतला दाब वाढतो आणि काचबिंदू होऊ शकतो. मोतीबिंदूही होऊ शकतो, लहान मुलालासुद्धा! काचबिंदूचं वाईट असं की तो दुखत नाही, गाजावाजा करत नाही, आणि गेलेली नजर परत मिळत नाही. या मुलाचं वेळेवर कळलं. थेंब बदलले, दाबाचं औषध सुरू झालं, चष्मा लागला. आता दर काही महिन्यांनी दाब मोजायला जावं लागतं. पण फळा दिसतो!

आता उलटा गैरसमज करून घेऊ नका. स्टेरॉइड म्हणजे विष नव्हे. डोळ्यांचे डॉक्टर गरज असेल तेव्हा ते थोडे दिवस देतात आणि मध्ये तपासतातही. त्यांनी दिलं असेल तर आपल्या मनाने बंद करायचं नाही. आणि त्यांनी सांगितलेले दिवस संपल्यावर आपल्या मनाने पुढे चालूही ठेवायचं नाही.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट, हात खाली! खाज आली की दोन्ही हातांच्या मुठी आवळा आणि वीस अंक मोजा. मग हात धुवा.

दुसरी, घडी घालून ठेवलेला स्वच्छ रुमाल पिण्याच्या गार पाण्यात भिजवा, पिळा आणि डोळे मिटून पापण्यांवर पाच-दहा मिनिटं ठेवा. गारव्याने खाज बसते. बर्फ मात्र थेट कातडीवर ठेवायचा नाही.

तिसरी, पापणीच्या काठावर खपल्या असतील किंवा रांजणवाडी आली असेल, तर गार नव्हे, कोमट शेक. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. चटका बसत नसेल तरच पापणीवर ठेवा, पाच-दहा मिनिटं. तेलाच्या ग्रंथींची तोंडं मोकळी होतात. मग ओल्या, स्वच्छ कापसाने काठ हलकेच पुसा. प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस. रांजणवाडी फोडायची, पिळायची अजिबात नाही.

एवढं लक्षात ठेवा, नुसत्या खाजेला गार आणि खपल्या किंवा गाठीला कोमट.

चौथी, ज्याच्यावर संशय आहे ती वस्तू बंद करा. नेलपॉलिश, नवा साबण, पावडर, अत्तर, काजळ, जे असेल ते. पण चार दिवसांत गुण येत नाही म्हणून हताश होऊ नका. चोर पकडला तरी मोडतोड नीट व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. कातडी कोरडी पडली असेल तर बिनवासाची साधी पेट्रोलियम जेली अगदी थोडी, पापणीच्या बाहेरून लावता येते. एवढं करूनही थांबलं नाही तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. ते पाठीवर निरनिराळ्या पदार्थांच्या पट्ट्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढून बघतात. ज्या पट्टीखाली पुरळ, तो चोर!

आजीबाईंच्या बटव्याचं काय? आजी, रागावू नका हं. शेक द्यायचा तुमचा सल्ला अगदी शास्त्रशुद्ध आहे. पण उगाळलेली लवंग, मध, गुलाबपाणी, एरंडेल हे काही डोळ्यात घालायचं नाही. सुरमाही नको. काही सुरम्यांत शिसं असतं, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावा, दृष्ट तिथूनही लागत नाही!

धावत कधी जायचं?

डोळा दुखतोय, अंधुक दिसतंय, उजेड सहन होत नाही, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय, पू येतोय, किंवा एकच पापणी लालबुंद आणि गरम होऊन ताप आलाय. यातलं एक जरी असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. उद्या नाही, बाजारच्या दिवशी नाही, परीक्षा झाल्यावर तर नाहीच नाही.

आता आपल्या मैत्रिणीला उत्तर. बाळ, तुझ्या दोन्ही पापण्या खाजतात, कोरड्या पडतात, पण पू नाही, दुखत नाही. त्यामुळे हे डोळे आल्यासारखं वाटत नाही, आणि पापणीच्या कातडीचं वावडं एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. तुझ्या मैत्रिणींना हे वाचून दाखव आणि आपल्या बाकावर ताठ बस. आईचंही थोडं खरं आहे. मोबाइलकडे टक लावून बघताना पापणी कमी वेळा मिटते आणि डोळे कोरडे पडतात. पण पापुद्रे निघतात ते बहुधा दुसऱ्या कशाने तरी. महिनाभरात नखांना, केसांना, चेहऱ्याला काय काय लागलं, ते आठवून लिही. आणि महिना झालाच आहे, तेव्हा आईबरोबर एकदा डॉक्टरांकडे जाऊन ये. ती यादी बरोबर ने. त्यांचं निम्मं काम होईल.

पालकांसाठी

मुलाच्या डोळ्यात थेंब घालण्यापूर्वी बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन अशी नावं दिसली तर ते स्टेरॉइड आहे. शेवटी 'सोन' असलं तरी ते घरात साठवायचं सोनं नव्हे! नायट्यासाठी आणलेलं, तीन-चार औषधं एकत्र केलेलं मलमही पापणीला लावू नका. त्यांतल्या बहुतेकांत स्टेरॉइड असतं, आणि ही कातडी आधीच पातळ असते. मागच्या वर्षीची उरलेली बाटली, शेजारच्यांची बाटली, दोन्ही नकोत. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. आणि मूल डोळे चोळत असेल तर हातावर फटका मारण्याऐवजी "खाजतंय का रे?" असं विचारा. त्याला खोड लागलेली नसते, त्रास होत असतो.

या आठवड्याचा गृहपाठ

दोघादोघांच्या जोड्या करा. मधल्या सुट्टीनंतर दहा मिनिटं एकाने दुसऱ्याकडे बघायचं आणि तो किती वेळा तोंडाला, डोळ्यांना हात लावतो ते वहीत रेघा मारून मोजायचं. मग अदलाबदल. आकडे बघून हसू आवरणार नाही! दुसरं काम, घरातल्या उशांचे अभ्रे रविवारी तुम्ही स्वतः धुवायचे, नीट खळबळून, कडक उन्हात वाळवायचे. आईला आधी सांगू नका. वाळत घातलेले दिसले की ती विचारेलच!

तुमच्या रेघांचे आकडे मला पोस्टकार्डावर कळवा. पुढच्या आठवड्यात कानांविषयी बोलू. तोपर्यंत काडी, पिन आणि पेन्सिलीचं टोक यांना कानापासून लांब ठेवा.